खाडा, कुलूप आणि खोलीतले इतर तिघे

बारावीनंतरच्या प्रवेशाच्या दिवसांत घराघरांत कट-ऑफची चर्चा होते, शाखेची होते, फीची होते, चार वर्षांनी मिळणाऱ्या पगाराचीही होते. मूल राहणार कुठे, हा प्रश्न मात्र शेवटच्या फेरीनंतर निघतो, आणि ‘होईल कुठेतरी सोय’ असं म्हणून आठवड्याभरात उरकला जातो. खरं तर वर्गात जाणारे तास पाच-सहा. उरलेला दिवस आणि अख्खी रात्र जिथे जाते, ती जागा कॉलेजइतकीच पारखून घ्यायला हवी. माझं मत तर असं, की पहिल्या वर्षी वसतिगृह मिळत असेल तर ते घ्यावं. गाद्या पातळ असल्या आणि मेसची आमटी त्याहून पातळ असली, तरी घ्यावं.

महाराष्ट्रात वसतिगृहं ही कॉलेजांना जोडलेली शेपटं म्हणून आलेली नाहीत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघालं, १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांचं, पुढच्या वर्षी लिंगायतांचं, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते यामुळे. महाराजांना दिसलेली अडचण अगदी साधी होती. शाळा-कॉलेज शहरात होतं, शिकणारी मुलं खेड्यात होती आणि शहरात त्यांना भाड्यानेसुद्धा जागा मिळत नव्हती, जातीमुळे तर नाहीच नाही. फी माफ करून हा प्रश्न सुटणारा नव्हता. छप्पर आणि दोन वेळची भाकरी यांची व्यवस्था आधी लागणार होती.

पुण्यात गरीब विद्यार्थी त्या काळी माधुकरी मागून किंवा वार लावून शिकत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. अशाच मुलांसाठी १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं. आजचं पुणे विद्यार्थी गृह ते हेच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, तेव्हा शाहू महाराजांच्या कल्पनेच्या एक पाऊल पुढे जाऊन सगळ्या जातींची मुलं एकाच स्वयंपाकघरात राबवली आणि एकाच पंगतीत बसवली. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट अंगावरचे दागिने मोडले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव मिळालं. मुलांनी दळायचं, लाकडं फोडायची, शेतात राबायचं आणि शिकायचं. ‘कमवा आणि शिका’ ही योजना तिथून निघाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ती आजही कर्मवीरांच्याच नावाने चालते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासावर काम करून हातखर्च काढणारी कितीतरी मुलंमुली तिथे असतात. नव्या विद्यार्थ्याने आपल्या कॉलेजात ती आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारावं. जागा मर्यादित असतात.

गंमत अशी की हेच भाऊराव विद्यार्थी असताना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधून बाहेर काढले गेले होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला, हे कारण सांगितलं जातं. सावरकरांनाही १९०५ साली विदेशी कपड्यांच्या होळीनंतर दहा रुपये दंड होऊन फर्ग्युसनचं वसतिगृह सोडावं लागलं होतं. रेक्टरशी वाद घालण्याची परंपरा जुनी आहे, एवढंच म्हणायचं आहे. हीटर लावताना सापडलेल्यांनी या दोघांचे दाखले देऊ नयेत.

आज ‘होस्टेल’ म्हणून जे मिळतं ते एक प्रकारचं नसतं. कॉलेजचं किंवा विद्यापीठाचं वसतिगृह, समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं, समाजांनी आणि विश्वस्त संस्थांनी चालवलेली बोर्डिंगं, खासगी पीजी, आणि पुण्याचा खास प्रकार म्हणजे कॉट बेसिस. कॉट बेसिसमध्ये तुम्ही खोली भाड्याने घेत नाही, खोलीतली एक कॉट घेता. बरोबर अर्धं कपाट आणि मालकीणबाईंचे नियम मिळतात. तिथे तुमच्यासोबत राहणारा कुणीही असू शकतो. नोकरी शोधणारा, स्पर्धा परीक्षेचं चौथं वर्ष काढणारा, रात्रपाळी करणारा. माणसं वाईट असतात असं नाही, पण आजारी पडलात तर वर्गातल्या नोट्स आणून देणारं तिथे कुणी नसतं आणि दारावर रात्री कुणी विचारत नाही. अठराव्या वर्षी हे स्वातंत्र्य वाटतं. पहिल्या सत्राच्या निकालापर्यंत ते महागात पडलेलं असतं.

संस्थांच्या वसतिगृहांत मला सर्वांत मोलाची वाटतात ती पुण्याच्या विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी. १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी ही समिती काम करते. अशा ठिकाणी मुलाखत घेऊन प्रवेश देतात, कामं वाटून देतात, गटचर्चा घेतात, आणि तिथून शिकून गेलेले लोक पुढे देणगी घेऊन परत येतात. श्रीमंत कॉलेजच्या वातानुकूलित खोलीत हे मिळेलच असं नाही.

शासकीय वसतिगृहात निवास आणि भोजन मोफत असतं, वर निर्वाहभत्ताही मिळतो. जागा अर्जांपेक्षा कमी असतात, म्हणून २०१६-१७ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात जेवण, भाडं आणि इतर खर्च यांचे पैसे थेट जमा होतात. योजना सुरू झाली तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांसाठी ही रक्कम वर्षाला ६०,००० रुपये होती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिकणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. पात्र असूनही अर्ज न करणारे विद्यार्थी जिल्ह्याच्या ठिकाणी हटकून भेटतात. ‘कुणी सांगितलंच नाही’ हे त्यांचं उत्तर असतं. खासगी वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट: महिना वीस हजारांपर्यंत भाडं असेल आणि सलग नव्वद दिवस राहत असाल, तर २०२४ पासून त्यावर जीएसटी नाही. पावतीत तो लावलेला दिसला तर विचारा.

खोली ताब्यात घेताना पहिलं काम सामान लावण्याचं नाही, खोली तपासण्याचं. कॉटची पट्टी मोडलेली आहे, पंख्याचा रेग्युलेटर नाही, कपाटाची कडी सैल आहे, खिडकीची काच फुटलेली आहे, हे सगळं कार्यालयाच्या नोंदीत लिहून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वर्षाच्या शेवटी डिपॉझिट परत मागायला जाल तेव्हा हीच काच तुमच्या नावावर फुटलेली असते. सोबत दोन कुलपं न्या, एक खोलीचं, एक कपाटाचं. जास्तीची किल्ली खोलीतल्याच कुणाकडे ठेवा, स्वतःच्या बॅगेत नव्हे. बादली, मग, वाळत घालायची दोरी आणि चिमटे तिथे गेल्यावर मिळतात, ते गावाहून एसटीने वाहून नेऊ नयेत. पाणी तापवायचा रॉड आणि विजेची शेगडी जवळपास सगळीकडे बंद असते. जुन्या इमारतींच्या वायरिंगला ती झेपत नाहीत.

आता खोलीतले इतर तिघे. एक जळगावचा, एक सांगलीचा, एक चंद्रपूरचा, आणि तुम्ही. सांगलीवाल्याला पुण्याच्या आमटीतला गूळ सहन होत नाही, जळगाववाला शेवभाजीच्या आठवणीने व्याकूळ, चंद्रपूरवाल्याला इथली ऑक्टोबरातली थंडीसुद्धा जास्त वाटते. हे भांडणाचे विषय नव्हेत, यावर हसून वेळ छान जातो. भांडणं होतात ती दिवा किती वाजता बंद करायचा, पहाटेचा गजर एकाचा आणि जाग चौघांना, रात्री एक वाजता फोनवर चालणारं कुजबुजणं, आणि न विचारता वापरलेली चप्पल यांवरून. यावर उपाय एकच, आणि तो नीरस आहे. पहिल्याच आठवड्यात चौघांनी बसून या गोष्टी ठरवून घ्यायच्या. दिवा, गजर, फोन, झाडू कुणी कधी मारायचा, आणि पैसे उसने द्यायचे की नाही. डिसेंबरात बोलायला जाल तर तोवर प्रत्येकाच्या मनात यादी साठलेली असते आणि बोलणं चप्पलवरून सुरू होऊन आईबापांपर्यंत जातं. मित्राला खोलीत ‘चार दिवस’ ठेवून घेण्यापूर्वीही उरलेल्या तिघांना विचारा. होस्टेलच्या बोलीत अशा पाहुण्याला पॅरासाइट म्हणतात. रात्रीच्या हजेरीत तो सापडला तर सहसा त्याच्याबरोबर खोलीच्या मूळ मालकाचीही जागा जाते.

मेसबद्दल तक्रार करणं हा वसतिगृहाचा सामायिक धर्म आहे, त्यात नव्याने सामील व्हायला काही शिकावं लागत नाही. शिकायचा असतो तो हिशोब. जेवायला नसाल तेव्हा खाडा मांडता येतो आणि तेवढे पैसे वजा होतात, पण त्याच्या अटी मेसगणिक वेगळ्या. बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी कळवावं लागतं आणि सलग काही दिवसांची सुट्टी असेल तरच खाडा धरतात. गावाला अचानक निघालात आणि वहीत सही केली नाहीत, तर न खाल्लेल्या पोळ्यांचे पैसे भरायचे. रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. पहिल्या महिन्यात हे लक्षात न राहिलेली मुलं वडापावच्या गाडीवर ओळखू येतात. मेस कमिटीत जायची संधी मिळाली तर मात्र सोडू नका. तूरडाळीचा भाव, दोनशे माणसांना किती कणीक लागते, गॅसचं बिल आणि वाढलेल्या दरावर मुलांची सभा सांभाळणं, हे व्यवस्थापनाच्या कुठल्याही वर्गापेक्षा नीट कळतं. मराठवाड्यात अजूनही काही मुलांसाठी गावाकडून एसटीने डबा येतो. तो घ्यायला स्थानकावर जाणाऱ्या मुलाला कुणी हसू नये.

रॅगिंगविषयी गोड बोलण्यात अर्थ नाही. ‘ओळख करून घेतोय’ असं म्हणून सुरू झालेली गोष्ट ओळखीपुरती राहत नसेल, अपमान किंवा भीती वाटत असेल, तर ते रॅगिंग आहे. कपड्यांचे, केसांचे नियम लादणं, जर्नल लिहून घेणं, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर छळणं हेही त्यातच आलं. महाराष्ट्रात १९९९ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्याला संस्थेतून काढून पुढची पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. त्याने हयगय केली तर तोही गुन्ह्यात सामील धरला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९चे नियम त्यावर आणखी आहेत, आणि १८००-१८०-५५२२ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि पालकांनी सही केलेलं हमीपत्र याच नियमांतलं आहे. सही करण्यापूर्वी ते वाचा, बहुतेक जण वाचत नाहीत.

मुलींच्या वसतिगृहाचं दार मुलांच्या आधी बंद होतं. सुरक्षिततेचं कारण दिलं जातं. आयोगाच्याच ‘सक्षम’ अहवालाने २०१३ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं, की सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या हालचालींवर पहारा बसवू नये. दिल्लीत २०१५ साली ‘पिंजरा तोड’ आंदोलन याच प्रश्नावरून उभं राहिलं. प्रयोगशाळा आणि ग्रंथालय रात्री अकरापर्यंत उघडं आणि मुलींचं फाटक साडेआठला बंद, हा हिशोब मला कधी जमलेला नाही. पण नियम आहे तोवर विलंबाच्या परवानगीचा अर्ज कुठे मिळतो, स्थानिक पालक म्हणून कुणाचं नाव द्यायचं, रेक्टर बाईंचा नंबर कोणता, हे पहिल्या दिवशी माहीत असावं. नियम बदलायचा तर सह्यांचं निवेदन द्यावं. भिंतीवरून उडी मारल्याने फक्त भिंत वाढते.

पावसाळ्यात कावीळ, टायफॉइड आणि डेंग्यू वसतिगृहात लवकर पसरतात. टाकी शेवटची कधी धुतली, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि करमत नाही, झोप येत नाही, वर्गात जावंसं वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ते ‘होमसिक’ म्हणून सोडून देऊ नका. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६, फोन मोफत, मराठीतही बोलता येतं. पालकांनीही रोज रात्री ‘जेवलास का’ एवढंच न विचारता खोलीतल्या बाकी मुलांची नावं विचारावीत. नावं सांगता येत नसतील तर एकदा जाऊन यावं.

यंदा घरात किंवा शेजारी बारावीचं मूल असेल, तर जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधार जोडलेलं बँक खातं ही कामं जूनच्या आधीच हाती घ्या. उत्पन्नाचा दाखला मार्च उलटल्यावर नव्या वर्षाचा काढा. जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांग लागते आणि कागद अपुरे असले तर गुण असूनही अर्ज मागे येतो.