दात उपटला की फेरी संपते
लेखमाला : तोंडाचं आरोग्य – भाग ९

मागच्या आठवड्यात आपण रूट कॅनलची माहिती घेतली. किडलेल्या दाताची नस साफ करायची, औषध भरून ठेवायचं, काही दिवसांनी पुन्हा उघडायचं, नळ्या बंद करायच्या आणि शेवटी वर टोपी बसवायची. याला दोन-तीन, कधी चार भेटीही लागतात. हाच हिशेब आज नाशिकरोडला, जेलरोडच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीआड नेऊन पाहू. बाहेरच्या माणसाला तीन भेटी म्हणजे तीन वेळा रिक्षा आणि कामावर अर्ध्या दिवसाची दांडी. आतल्या माणसाला तीन भेटी म्हणजे तीन वेळा परवानगी, तीन वेळा पोलीस गार्ड आणि जाता-येता झडती. म्हणून आत दात वाचवण्यापेक्षा उपटण्याकडे कल राहतो. भूल दिली, दात काढला, कापूस चावायला दिला, एका फेरीत काम आटोपलं.

कागदावरची वाट तशी सरळ आहे. बंदी दुखणं सांगतो, कारागृहातला वैद्यकीय अधिकारी तपासतो, गोळ्या देतो, गरज वाटली तर बाहेर पाठवण्याची चिठ्ठी लिहितो. मग पोलिसांकडे गार्ड मागायचा, आणि वाट अडते ती इथे. पोलिसांच्या ‘कैदी पार्टी’ला आधी न्यायालयातल्या तारखा सांभाळायच्या असतात. त्यांच्यापुढे दाताची तारीख मागेच पडते. निवडणूक, विसर्जन, मोर्चा, कुठलाही बंदोबस्त लागला की माणसं कमी पडतात. २०२७चा सिंहस्थ जवळ आलाय. त्या महिन्यांत शहरातला एकेक पोलीस घाटावर आणि रस्त्यावर लागेल. आतल्या रुग्णांचं तेव्हा काय करायचं, हे आजच ठरवायला हवं असं मला वाटतं.

गार्ड मिळाला तरी नाशिकरोडहून द्वारका ओलांडून त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात पोहोचायचं, केसपेपर काढायचा, रांगेत थांबायचं, एक्स-रे काढायचा आणि बराकी बंद व्हायच्या आत परतायचं. समोर बसलेल्या अशा माणसाला ‘पुढच्या मंगळवारी या’ असं डॉक्टरांनी कोणाच्या भरवशावर सांगावं? अर्धवट सोडलेलं रूट कॅनल घातक ठरू शकतं. वरचं तात्पुरतं सिमेंट झिजतं, जंतू पुन्हा आत शिरतात, मुळाशी पू होतो. त्यामुळे डॉक्टर पक्कड हातात घेतात. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

त्यातच, देशातल्या कारागृहांत दर चार जणांमागे साधारण तीन जण न्यायाधीन आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेला नाही. उद्या जामीन होईल, परवा दुसऱ्या कारागृहात रवानगी होईल. दाताची नोंद बरोबर गेली नाही, तर नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून.

रात्रीचं दुखणं तर फार वाईट. दाढेचा ठणका आडवं झाल्यावर वाढतो, कारण डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. बाहेर आपण दिवा लावतो, लवंग शोधतो, कोमट पाण्यात मीठ टाकून चूळ भरतो. संध्याकाळी कुलूप पडल्यावर बराकीत यातलं फारसं काही हाताशी नसतं. उरतं ते गालाखाली हात देऊन भिंतीला टेकून बसणं. दुखणं अंगावर काढायची सवय आपल्याकडे एरवीही आहेच, पण इथे दुसरा पर्यायच नसतो. यात एक धोका प्रत्येक पहाऱ्यावरच्या माणसाला माहीत असायला हवा. खालच्या दाढेचा पू कधी कधी जबड्याखाली आणि जिभेखाली पसरतो. हनुवटीखाली कडक सूज, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, आवाज घोगरा, अंगात ताप अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहायची नाही. श्वासनलिका दबून माणूस दगावू शकतो. रात्रीच रुग्णालय गाठायचं, गार्डचा कागद नंतर.

दुसरी गोष्ट बिडीची. बिडी ओढणाऱ्याच्या हिरड्या आजारी असूनही कमी रक्त दाखवतात, कारण निकोटीन रक्तवाहिन्या आवळून धरतं. आत आल्यावर बिडी सुटली की काही दिवसांत ब्रशवर रक्त दिसू लागतं. माणूस घाबरतो, ब्रश करणंच सोडून देतो. खरं तर तो सुधारणेचा काळ असतो, आणि नेमकं तेव्हाच मऊ ब्रशने रोज दोनदा दात घासायला हवेत. हे दोन मिनिटांत समजावणारं कोणी भेटलं, तर हिरड्या वाचतात. २०१६-१७च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यातले बहुतेक खाणारे. सुपारी-गुटख्याने ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, गालात पांढरा चट्टा आहे, त्यांना तर आत येण्याच्या दिवशीच हेरायला हवं. पुढे त्याचा कर्करोग होऊ शकतो.

हे सगळं उपकार म्हणून मागायचं नाही. १८९४च्या कारागृह कायद्यातही आजारी बंद्याचं नाव विनाविलंब वर कळवावं असं लिहिलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९५५च्या किमान नियमांत प्रत्येक कैद्याला पात्र दंतवैद्याची सेवा मिळावी असं स्वतंत्र कलम आलं. २०१५मध्ये ते नियम नेल्सन मंडेला यांच्या नावाने नव्याने मंजूर झाले, तेव्हाही ते वाक्य टिकलं. शिवाय समाजात इतरांना मिळते त्याच दर्जाची सेवा आत मिळावी आणि उपचाराचा निर्णय वैद्यकीय माणसानेच घ्यावा, हेही त्यात आहे. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राममूर्ती खटल्यात कारागृहांचे नऊ मोठे प्रश्न मांडले, त्यात आरोग्याकडे होणारं दुर्लक्ष होतंच. शिक्षा स्वातंत्र्य गमावण्याची असते, दाढ गमावण्याची नव्हे.

मग करायचं काय? शिबिरं होतात, चांगलीच गोष्ट आहे. पण शिबिरात दात तपासले जातात, यादी होते आणि पुढची तारीख कोणालाच ठाऊक नसते. कारागृहाला हवा आहे ठरलेला वार. दर गुरुवारी दंतवैद्य आत येणार, हे पक्कं झालं की रूट कॅनलची तिसरी भेटही पक्की होते, गार्ड लागत नाही, गाडी लागत नाही. इंग्लंडमध्ये तुरुंगांच्या आतच दातांचे दवाखाने भरतात. नाशिकला तर हे सहज जमावं. पंचवटीत दंत महाविद्यालय आहे, म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि बीडीएस झालेल्या प्रत्येकाला वर्षभर इंटर्नशिप करायची असते. त्या वर्षातला एक वार जेलरोडला दिला, तर शिकणाऱ्यालाही पुस्तकाबाहेरची तोंडं पाहायला मिळतील.

ड्रिल, कंप्रेसर, सुरक्षेचा प्रश्न, ही अडचणही मोठी नाही. १९८०च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या खेड्यांसाठी एक पद्धत तयार झाली. हातच्या हत्याराने मऊ कीड खरवडून काढायची आणि ग्लास आयनोमर नावाचं, फ्लोराइड सोडणारं सिमेंट बोटाने दाबून भरायचं. बऱ्याचदा भूलही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४मध्ये तिचा पुरस्कार केला. कारागृहासाठी यापेक्षा सोयीचं दुसरं काही मला दिसत नाही: एका बैठकीत काम होतं आणि दात जागेवर राहतो. एकच अट, कीड दाताच्या नसेपर्यंत पोहोचायच्या आत सापडली पाहिजे. त्यासाठी दाखल होतानाच्या तपासणीत वजन आणि अंगावरच्या खुणांबरोबर टॉर्च लावून तोंडही पाहायचं आणि बत्तीस दातांचा एक तक्ता भरायचा. बदली झाली की तक्ता माणसाबरोबर जायला हवा. हत्यारं ट्रेमध्ये मोजून आत न्यायची, मोजूनच बाहेर आणायची. मोजदाद ऑपरेशन थिएटरमध्येही होतेच.

महिला विभागाची गरज थोडी निराळी. गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येतं, आणि तेव्हाही दातांचे उपचार करता येतात, मधले तीन महिने त्यासाठी सगळ्यांत सोयीचे. शिवाय २००६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ आत राहू शकतं. सहाव्या वर्षाच्या सुमारासच दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. ती पडून पुन्हा येत नाही, आणि बहुतेक आयांना तो दुधाचाच दात वाटतो. मूल बाहेर नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जाण्याआधी ही दाढ तपासून तिच्या खाचा सीलंटने बुजवाव्यात आणि नव्या पालकाच्या हाती तशी चिठ्ठी द्यावी. या दाढेबद्दल शाळकरी मुलांच्या निमित्ताने पुढच्या भागात सविस्तर पाहू.