सरोवराकाठी चार रात्री

इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी कोमो नावाचं सरोवर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात याच कोमो गावात प्लिनी नावाचा एक वकील आणि पत्रलेखक जन्मला. प्लिनी दोन झाले, मामा आणि भाचा. हा भाचा. सरोवराकाठी त्याची बरीच घरं होती, पण त्यातली दोन त्याची फार लाडकी. एक उंच खडकावर, दुसरं अगदी पाण्याला लागून. वरच्या घराला त्यानं ‘शोकांतिका’ नाव दिलं होतं आणि खालच्याला ‘सुखांतिका’. त्या काळी शोकांतिकेतले नट जाड, उंच तळव्यांचे बूट घालत आणि विनोदी नाटकातले नट सपाट चपला, म्हणून ही नावं. वरच्या घरातून सरोवराचा विस्तार आणि खाली मासे धरणारे कोळी दिसत. खालच्या घरात मात्र झोपायच्या खोलीतूनच, जवळजवळ पलंगावरूनच, स्वतः गळ टाकता येई. एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं हे सगळं मोठ्या हौसेनं सांगितलं आहे.

मित्रहो, प्लिनीला दोन्ही घरं परवडत होती. आपल्याला एकच खोली घ्यायची असते, तीही तीन-चार रात्रींसाठी आणि पै-पै जोडून. म्हणून उंचावर राहायचं की पाण्याशी, हा प्रश्न आपल्यासाठी अधिक अवघड.

माझ्या परिचयाचं एक दाम्पत्य आहे. दोघंही निवृत्त शिक्षक. मुलगी जर्मनीत नोकरीला. तिच्याकडे जाऊन आल्यावर परतीच्या वाटेवर चार रात्री कोमोला राहायचं आणि मिलानहून विमान धरायचं, असा बेत होता. सरांना डोंगरावरून दिसणारं सरोवर हवं होतं. वहिनींच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, दुसरा कुरकुरणारा. त्यांचं म्हणणं, ‘मला पाण्याजवळ नुसतं बसायचंय हो.’ एवढा मोठा प्रवास या वयात पुन्हा होईल याची खात्री नव्हती, त्यामुळे दोघंही आपापल्या हट्टाला धरून होते. त्यांच्यासोबत नकाशा घेऊन बसताना जे जे समोर आलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी सरोवराचा आकार समजून घेतला पाहिजे. कोमो सरोवर म्हणजे दोन पाय फाकवून उभा राहिलेला माणूस. डोकं उत्तरेला, डाव्या पायाशी कोमो शहर, उजव्या पायाशी लेक्को शहर. क्षेत्रफळ सुमारे १४६ चौरस किलोमीटर, खोली चारशे मीटरहून जास्त. दोन्ही पाय जिथे मिळतात त्या टोकावर बेल्लाजो. त्याच्या समोर पूर्व काठावर वारेन्ना; पश्चिम काठावर मेनाज्जो, कादेनाब्बिया आणि ट्रेमेझ्झो. ज्या चित्रांवर आपण भाळतो ती बहुतेक या मधल्या भागातली. सहलीच्या जाहिरातीत नुसतं ‘कोमो’ लिहिलेलं असेल तर हॉटेल कोमो शहराच्या बाहेर, महामार्गालगतही असू शकतं. हॉटेलचा पूर्ण पत्ता मागून घ्या आणि नकाशावर बोट ठेवून बघा, हे माझं पहिलं सांगणं.

दुसरं सांगणं वेळेच्या हिशेबाचं. चार रात्री म्हणजे चार दिवस नव्हेत. पोचायचा दिवस अर्धा जातो, निघायचा दिवस अर्धा जातो. हातात उरतात तीन. त्या तीन दिवसांत कोमो शहर ते बेल्लाजो अशी साधी बोट धरली तर एका बाजूला सुमारे दोन तास लागतात. बोटीचा प्रवास सुंदर आहे, एकदा जरूर करावा. पण रोज येऊन-जाऊन चार तास पाण्यावर घालवायचे, तर मग हॉटेल कशाला, होडीच भाड्यानं घ्यावी! कोमो शहरात राहण्याचे फायदे वेगळे आहेत. मिलानहून गाड्या भरपूर, दुकानं भरपूर, ब्रुनातेच्या डोंगरावर नेणारी १८९४ सालची दोरखंडाची रेल्वे, आणि विजेच्या बॅटरीचा जनक आलेस्सांद्रो व्होल्टा याचं हे जन्मगाव, त्याचं स्मारक-संग्रहालय पाण्याच्या काठीच आहे. ज्यांना एकच रात्र काढायची आहे त्यांनी कोमोत राहावं. लेक्को हे कामकाजी गाव, तुलनेनं स्वस्त, आणि तिथून वारेन्नाला रेल्वेनं वीसेक मिनिटांत जाता येतं. पैशांचा ताण असेल तर लेक्कोला नाक मुरडू नये.

पण तीन-चार रात्री असतील तर मुक्काम मधल्या भागातच हवा, हे माझं ठाम मत. वारेन्ना, बेल्लाजो, मेनाज्जो आणि कादेनाब्बिया यांच्यामध्ये दिवसभर फेरीबोटी ये-जा करतात. एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला पंधरा मिनिटांच्या आसपास. यातल्या एका गावात राहिलात की बाकीची गावं अंगणात आल्यासारखी होतात. मात्र रात्रीच्या फेऱ्या कमी होत जातात. पलीकडे जेवायला जायचं असेल तर शेवटची बोट कितीची, हे धक्क्यावरच्या फलकावर आधी पाहून ठेवावं.

आता गावं. बेल्लाजो सर्वांत नावाजलेलं. दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या, दुतर्फा दुकानं. दुपारी गर्दी एवढी की आपल्याकडची जत्रा आठवावी. पण संध्याकाळच्या बोटी दिवसभराच्या पाहुण्यांना घेऊन गेल्या की गाव मोकळा श्वास घेतं, आणि तेव्हा जो तिथे मुक्कामाला आहे त्यालाच खरं बेल्लाजो मिळतं. जास्तीचं भाडं त्या दोन-तीन तासांचं असतं. बेल्लाजोला रेल्वे नाही. सामान घेऊन बोटीनं किंवा बसनंच यावं लागतं. वारेन्नाला रेल्वे आहे. मिलानच्या मुख्य स्थानकावरून थेट गाडी तासाभरात पोचवते. परतीचं विमान सकाळचं असेल तर वारेन्नासारखं सोयीचं गाव नाही. मावळतीचं ऊन याच काठाला मिळतं, कारण सूर्य समोरच्या डोंगरामागे उतरतो. पण वारेन्ना उतारावर वसलेलं आहे. स्थानकातून धक्क्याकडे उतरत जायचं, धक्क्याकडून गावाच्या चौकात पुन्हा चढायचं, आणि मध्ये पायऱ्या. ज्यांचे पाय धड आहेत त्यांना हेच आवडतं. याच गावातल्या व्हिला मोनास्तेरोत १९५४ साली एन्रिको फर्मी यांनी पदार्थविज्ञानाची व्याख्यानं दिली होती. सरांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे ते वारेन्नावरच अडून बसले.

मेनाज्जोचं नाव पर्यटकांच्या तोंडी कमी. तिथे रेल्वे नाही. वारेन्नाला उतरून फेरीबोटीनं समोर जायचं. पण बोटीतून उतरल्यावर पाण्याकाठी सपाट, रुंद फिरायचा रस्ता आहे, बाकं आहेत, जवळच गावचा चौक आहे. सकाळचं कोवळं ऊन या काठाला आधी मिळतं आणि दुपारनंतर डोंगराची सावली लवकर येते. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात ही सावली वरदान वाटते, एप्रिलमध्ये मात्र अंगावर शाल घ्यावी लागते. वहिनींच्या गुडघ्यासाठी मेनाज्जो, असं माझं मत पडलं. फर्मींची जागा पाहायला बोटीनं एक सकाळ पुरे.

गाव ठरलं की खोली. इथे चार इटालियन शब्द पाठ करून ठेवावेत. ‘व्हिस्ता लागो’ म्हणजे सरोवर दिसणारी खोली. त्यापुढे ‘पार्त्सियाले’ किंवा ‘लातेराले’ हे शेपूट असेल तर सरोवर अर्धवट किंवा बाजूनं दिसेल. मान वळवायची तयारी ठेवावी. ‘फ्रोन्ते लागो’ म्हणजे थेट समोर. ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे दोघांचा एकच मोठा पलंग, आणि ‘दोप्पिया’ म्हणजे बहुधा दोन वेगळे पलंग. आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘आशेन्सोरे’, म्हणजे लिफ्ट. जुन्या वाड्यांची हॉटेलं झालेली असतात, त्यात लिफ्ट असेलच असं नाही. असली तरी ती रस्त्यापासून सुरू होते की आधी वीस पायऱ्या चढून, हे विचारायलाच हवं. हॉटेलच्या नावापुढचे तारे सोयी मोजतात. दृश्य मोजत नाहीत आणि पायऱ्याही मोजत नाहीत. ‘धक्क्यापासून तीनशे मीटर’ हे वाक्यही अपुरं आहे. तीनशे मीटर आडवे की उभे?

सरोवर दिसणाऱ्या खोलीला जास्त पैसे मोजावेत का? पुष्कळ लोक सरसकट ‘नको’ म्हणतात. दिवसभर बाहेरच तर असतो, रात्री अंधारात काय दिसणार? त्यांचं खरं आहे, पण सगळ्यांसाठी नाही. खोलीत कोण किती वेळ असणार, हे आधी पाहावं. वहिनींना दुपारी दोन-तीन तास पाय लांब करून पडावंच लागतं. त्या वेळात समोर भिंत असणं आणि समोर पाणी असणं यात फार अंतर आहे. म्हणून मी म्हटलं, तारे कमी घ्या, खोली लहान घ्या, पण खिडकी मोठी घ्या. उलट पंचविशीतली जोडी पाठीवर पिशव्या टाकून डोंगर चढायला जाणार असेल, तर त्यांनी मागच्या बाजूची खोली घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत चांगलं जेवावं. सरोवराच्या बाजूच्या खोलीलाही दुसरी बाजू आहे, ती म्हणजे काठाचा रस्ता. पश्चिम काठावरून जाणारा रस्ता अरुंद आणि वाहता आहे. गाड्यांचा आणि चर्चच्या घंटेचा आवाज कितपत येतो, हे आधी राहून गेलेल्यांच्या अभिप्रायांत सापडतं. अभिप्राय वाचताना आपण ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्याचे वाचावेत. मेमधली तक्रार आणि ऑगस्टमधली तक्रार एकमेकींना ओळखतही नाहीत.

महिना तर फारच महत्त्वाचा. बरीच हॉटेलं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बंद असतात. २०१८च्या नोव्हेंबरात दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं लग्न लेन्नोजवळच्या व्हिला देल बाल्बियानेल्लोत झालं. त्यांना चिंता नव्हती. आपण त्या महिन्यात गेलो तर अर्ध्या गावाची दारं मिटलेली दिसतील. १५ ऑगस्टला इटलीचा मोठा सण, त्या सुमारास सारा देश सुटीवर. २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या सुट्ट्यांना जोडून शनिवार-रविवार आला की भाडी चढतात. मेचा मधला भाग आणि सप्टेंबर हे माझ्या मते उत्तम. आणखी एक बारकावा: उत्तर इटलीच्या बहुतेक भागात इमारती गरम ठेवण्याची यंत्रणा साधारण १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल एवढीच चालवायची, असा नियम आहे. एप्रिलच्या अखेरीस खोली गार लागली तर जास्तीचं पांघरूण मागावं, भांडू नये.

खाण्याचं म्हणाल तर न्याहारी भाड्यात धरलेली असते की नाही, हे पाहावं. मांडलेल्या ताटांत डुकराचं मांस असतं, आणि शेजारची लालसर पातळ ‘ब्रेसाओला’ ही बहुधा गोमांसाची असते. त्यामुळे मुसलमान असो, हिंदू असो की जैन, आपल्यापैकी प्रत्येकानं विचारूनच घ्यावं. पाव, चीज, फळं आणि अंडी सगळ्यांसाठी आहेतच. सरोवरातले मासे उत्तम. ‘मिस्सोल्तिनी’ नावाचा एक प्रकार इथे मिळतो. सरोवरातला मासा मीठ लावून उन्हात वाळवायचा आणि दाबून ठेवायचा. सुका बांगडा खाऊन वाढलेल्या माझ्यासारख्या कोकणी माणसाला यात परकं काही वाटायचं नाही. सोबत ‘पोलेन्ता’ म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. पाणी तापवायची किटली मात्र इटलीत प्रत्येक खोलीत असेल असं धरून चालू नका. सकाळी सहाला चहा लागणाऱ्यांनी छोटी किटली आणि तिथल्या भोकांत बसणारी पिन घरूनच न्यावी.

शेवटी पैशांचं. शेंगेन व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमाही. व्हिसा हातात येण्याआधी आरक्षण करावं लागतं, म्हणून पैसे परत मिळणारंच आरक्षण करावं. ‘परतावा नाही’ असं लिहिलेली खोली थोडी स्वस्त असते, पण व्हिसा नाकारला गेला किंवा लांबला तर ती सर्वांत महाग पडते. आरक्षण रद्द करण्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवावी. हॉटेलात पोचल्यावर पासपोर्ट मागतील. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे पाठवणं त्यांना बंधनकारक आहे, त्यात संशयाचं काही नाही. आणि बऱ्याच गावांत माणशी, दर रात्रीचा एक स्थानिक कर असतो. तो बहुतेकदा आधी भरलेल्या भाड्यात धरलेला नसतो, जागेवरच द्यावा लागतो. सरांनी त्यासाठी युरोची नाणी एका वेगळ्या पाकिटात बांधून नेली होती, आणि त्या पाकिटावर वहिनींनी मराठीत लिहिलं होतं : ‘खिडकीचे नव्हेत, गावाचे’.