पिला: सरोवरकाठचे शब्दांचे गाव

शके ८२२, वैशाख मास, कृष्णपक्षातली चतुर्थी, सोमवार. कोकणच्या शिलाहारांचा एखादा ताम्रपट वाचत आहोत असे वाटावे, पण ही तिथी फिलिपिन्समधल्या एका तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली आहे. मनिलाच्या आग्नेयेला लगुना दे बाय हे त्या देशातले सर्वांत मोठे सरोवर पसरले आहे. त्याला मिळणाऱ्या लुंबांग नदीच्या मुखाशी गाळ उपसताना हा पत्रा हाती लागला आणि १९९० मध्ये राष्ट्रीय संग्रहालयात आला. लिपी कावी, भाषा मुख्यतः जुनी मलय, जागोजाग संस्कृत शब्द. अंतोन पोस्तमा या डच अभ्यासकाने तो वाचला. मजकूर कर्जमाफीचा आहे. नामवरान याच्यावरचे सोन्याचे ऋण फिटले, आणि अंगकातान ही त्याची मुलगी व तिचा भाऊ बुका मोकळे झाले. तुंडुनच्या प्रमुखातर्फे हे माफीपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव जयदेव, गाव पैला.

हे पैला कोणते? पोस्तमांनी ते मनिलाच्या उत्तरेला, बुलाकान प्रांतात दाखवले. सरोवराच्या काठी वसलेल्या पिला गावाचे अभिमानी मात्र सांगतात की पैला म्हणजे आमचेच पिला. हा वाद तज्ज्ञांचा. पण त्याचा निकाल काहीही लागला तरी पिलाचे जुनेपण कमी होत नाही. गावाजवळच्या पिनागबायानान इथे १९६७ पासून झालेल्या उत्खननांत सुंग काळातली चिनी भांडी आणि मृतांचे दहन करून अस्थी पुरल्याच्या खुणा मिळाल्या. पिनागबायानान म्हणजे ‘जिथे पूर्वी गाव होते ती जागा’. आपल्याकडे अशा जागेला पांढरी म्हणतात.

१५७८ मध्ये इथे फ्रान्सिस्कन मिशनरी आले आणि संत अंतोनीच्या नावाने धर्मग्राम उभे राहिले. स्पॅनिश लोक या गावाला ‘ला नोब्ले व्हिया दे पिला’, म्हणजे कुलीन पिलानगरी म्हणत. याच नगरीत १६१३ मध्ये पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या फ्रान्सिस्कनाचा तागालोग शब्दकोश छापला गेला. त्या भाषेचा हा पहिला छापील कोश. मला पिलाचा खरा दागिना हाच वाटतो. कोश रचला तो पाद्र्यांना लोकांची भाषा यावी म्हणून, हे खरे. पण शीर्षकपानावर छापणाऱ्यांची नावे आहेत, तोमास पिनपिन आणि दोमिंगो लोआग, आणि नावांपुढे ‘तागालोग’ असा स्पष्ट उल्लेख आहे. यातल्या पिनपिनने तर १६१० मध्येच आपल्या लोकांना स्पॅनिश शिकवणारे पुस्तक स्वतः लिहिले होते. परक्याची भाषा आपल्या माणसाने आपल्या माणसांना समजावून सांगावी, ही केवढी मोठी गोष्ट!

मराठी वाचकाला इथे राशोल आठवायला हवे. पिलाच्या कोशानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यातल्या राशोलला फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. दोन्हीकडे कारण धर्मप्रसाराचे, आणि दोन्हीकडे त्यातून देशी भाषेला छापील पुस्तक मिळाले. शब्दांचे नाते तर त्याहून जुने आहे. तागालोगमध्ये शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात, चेहऱ्याला ‘मुखा’, आशेला ‘आसा’. ‘दुखा’ म्हणजे मात्र गरीब. दुःख आणि दारिद्र्य एकाच शब्दात राहिले आहेत.

जुने पिला सरोवराच्या पुराने वारंवार बुडत असे. म्हणून १८०० च्या सुमारास गाव उंच जागी, आजच्या ठिकाणी हलवले गेले. देऊळ हलवताना आपण जुने चिरे सोबत नेतो, तसे इथल्या लोकांनी जुन्या चर्चचे दगड नव्या गावात आणले. मधोमध चौक, एका बाजूला चर्च आणि भोवती जुनी मोठी घरे, अशी मांडणी आजही कायम आहे. यातल्या पुष्कळ घरांत माणसे राहतात, त्यामुळे इथला वारसा संग्रहालयाच्या काचेआड गेलेला नाही. १७ मे २००० रोजी राष्ट्रीय इतिहास संस्थेने चौक आणि ही घरे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केली.

मनिलाला जाणे झाले तर एक दिवस पिलासाठी जरूर राखून ठेवा. जमल्यास १३ जूनला जा. त्या दिवशी संत अंतोनीचा सण असतो, पिलातही आणि गोव्यातल्या शिवोलीतही.