ग्रुप सुटल्यावर

आपल्याकडे ग्रुप कसा बनतो बघा. रोल नंबर शेजारी-शेजारी म्हणून प्रॅक्टिकलची बॅच एक, हॉस्टेलला रूम एक म्हणून मेसचं टेबलही एक. कुणी कुणाला निवडून घेतलेलं नसतं. पहिलं सेमिस्टर मजेत जातं. मग हळूहळू ठरून जातं की सगळ्यांची जर्नल्स लिहिणारा एक, आणि ज्याच्या गावाकडच्या भाषेवर, कपड्यांवर, के.टी.वर सगळ्यांनी हसायचं तोही तोच. तो चिडला की, "काय यार, साधी मस्करी कळत नाही तुला!"

अशा ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडला असाल, किंवा त्यांनीच तुम्हाला काढलं असेल, तर खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटायला हवं. पण वाटत नाही. का?

किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने यासाठी 'सायबरबॉल' नावाचा साधा कॉम्प्युटर गेम वापरला. तिघांनी चेंडू एकमेकांकडे टाकायचा. थोड्या वेळाने दोघं तिसऱ्याला चेंडू देणंच बंद करतात. बस्स, एवढंच. तरी तो तिसरा खट्टू होतो. समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटरच खेळतोय, असं सांगूनसुद्धा होतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर चेंडू न देणारे 'कू क्लक्स क्लान' या अमेरिकेतल्या वर्णद्वेष्ट्या संघटनेचे समर्थक आहेत असं सांगितलं होतं. तरीही लोकांना लागलंच! तेव्हा त्या ग्रुपची आठवण येते म्हणजे ग्रुप चांगला होता, असं काही नाही. रात्री एक वाजता व्हॉट्सॲपवर 'सॉरी यार' टाइप करण्याआधी हे जरूर आठवा.

दुसरा प्रयोग १९५० च्या दशकातला, सॉलोमन ॲश यांचा. एक रेघ दाखवायची आणि बाजूच्या तीन रेघांपैकी तेवढीच लांब कोणती ते विचारायचं. शाळकरी पोरगंही सांगेल. पण खोलीतले बाकी सगळे आधीच पढवलेले; ते ठरवून एकच चुकीचं उत्तर देत. सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांना दिसणारं सोडून गटाचं उत्तर दिलं. रेघेच्या बाबतीत ही गत, तर सहा महिने "तूच बोअर आहेस" ऐकल्यावर ते खरं वाटू लागलं यात नवल काय?

मग ॲश यांनी त्या गर्दीत बरोबर उत्तर देणारा फक्त एक माणूस बसवला. चुका सुमारे एक चतुर्थांशावर आल्या. हा साथीदार मध्येच खोलीतून निघून गेला, तरी त्याचा परिणाम बराचसा टिकला.

म्हणून लगेच नवा दहा जणांचा ग्रुप शोधत फिरू नका. एक माणूस पुरतो. तो सहसा कँटीनच्या कट्ट्यावर सापडत नाही. काहीतरी काम चालू असतं तिथे सापडतो. एन.एस.एस.चा कॅम्प, फिरोदियाची तालीम, रोबोटिक्सची टीम, नाहीतर लायब्ररीत रोज समोर बसणारा कुणीतरी. (कमिटीत पद मिळतं, मित्र मिळतीलच असं नाही!) माणूस पारखायची एक सोपी युक्ती आहे. एखाद्या छोट्या गोष्टीला सरळ "नाही" म्हणून बघा. "आज असाइनमेंट देणार नाही." जो "बरं" म्हणून दुसऱ्या दिवशीही चहाला बोलावतो, तो आपला.

आणि त्रास अजून चालूच असेल, तर "रॅगिंग फक्त सीनियर करतात" हा गैरसमज सोडा. यूजीसीच्या २००९ च्या नियमांत कुठल्याही विद्यार्थ्याने दुसऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला दिलेला असा त्रास येतो. २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, दिसणं, भाषा, प्रदेश किंवा आर्थिक परिस्थिती यांवरून छळणं आणि वाळीत टाकणंही त्यात स्पष्टपणे घातलं आहे. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. मन फारच बिघडलं असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालू असतो. रूम बदलायचा अर्ज मात्र सेमिस्टरच्या सुरुवातीलाच रेक्टरकडे द्या. सबमिशनच्या धांदलीत तो कुणी वाचत नाही.