आईच्या आतड्यातून पिल्लाच्या आतड्यात

डुकरिणीचा गर्भकाल ११४ दिवसांचा असतो. तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस, अशी त्याची सोपी खूण वराहपालक लक्षात ठेवतात. जन्मलेले पिल्लू साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे असते. त्याचे डोळे उघडे असतात आणि काही मिनिटांतच ते धडपडत उठून आईची कास शोधू लागते. पाहणाऱ्याला वाटावे, हे अगदी तयार होऊनच जगात आले आहे. पण या पिल्लाने दूध पिण्यापूर्वी त्याचे रक्त तपासले, तर त्यात एक मोठी उणीव आढळते. त्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतातच.

प्रतिपिंडे म्हणजे रोगजंतूंना नेमके ओळखून त्यांना चिकटणारी आणि निकामी करणारी प्रथिने. माणसाचे मूल जन्मते तेव्हा आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून त्याच्या रक्तात आधीच पोचलेली असतात. डुकरिणीच्या वारेची रचना वेगळी आहे. तेथे आईचे रक्त आणि पिल्लाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे सहा थर असतात. प्राणवायू, साखर यांसारखे लहान रेणू हे थर ओलांडतात, पण प्रतिपिंडाचा अवजड रेणू अलीकडेच अडतो.

मग पिल्लू पहिले काही दिवस कशाच्या आधारावर काढते? चिकाच्या! गाय व्याल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधाला आपण चीक म्हणतो आणि त्याचा खरवस मिटक्या मारीत खातो. वासराची स्थितीही डुकराच्या पिल्लासारखीच असते. तेही प्रतिपिंडांविना जन्मते. तेव्हा खरवसाचा मोह झाला, तरी वासराचे पोट आधी भरू द्यावे, हे बरे.

चिकात प्रतिपिंडे ठासून भरलेली असतात. डुकरिणीच्या चिकातील प्रतिपिंडांपैकी सुमारे ८० टक्के ‘आयजीजी’ या प्रकारची असतात. एरवी पोटात गेलेल्या प्रथिनाचे पचन होऊन तुकडे होतात. पण नवजात पिल्लाच्या आतड्याच्या पेशी पहिल्या दिवशी अखंड प्रथिनेच गिळतात आणि रक्तात सोडतात. ही वाट फार थोडा वेळ उघडी असते. चोवीस ते छत्तीस तासांत ती बंद होते, आणि तोवर चिकातील प्रतिपिंडेही झपाट्याने कमी झालेली असतात. शेवटी जन्मलेले, अशक्त किंवा भावंडांच्या रेटारेटीत मागे पडलेले पिल्लू येथेच नुकसानीत जाते, आणि ते नुकसान पुढे भरून काढता येत नाही.

एकाच गोठ्यातील तीन नशिबे

१९४६ मध्ये अमेरिकेतील डॉईल आणि हचिंग्ज या संशोधकांनी डुकरांच्या एका साथीच्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. या रोगाला ‘संक्रामक जठरांत्रदाह’ किंवा थोडक्यात ‘टीजीई’ म्हणतात. तो एका करोना विषाणूमुळे होतो. २०२० साली ज्या विषाणूने आपल्या शाळा बंद पाडल्या, त्याचा हा दूरचा नातेवाईक. माणसाला मात्र याची बाधा होत नाही.

या रोगाचे वागणे चमत्कारिक आहे. तो गोठ्यात शिरला की मोठी डुकरे एकदोन दिवस खाणे टाकतात, त्यांना जुलाब होतात आणि मग ती बरी होतात. दोन आठवड्यांच्या आतील पिल्ले मात्र जवळजवळ सगळीच दगावतात. आणि त्याच गोठ्यात, जिला हा रोग पूर्वी होऊन गेला आहे अशी एखादी डुकरीण असेल, तर तिची तेवढीच लहान पिल्ले ठणठणीत राहतात. विषाणू एकच असताना हा फरक का पडावा?

पहिल्या दोन नशिबांचे उत्तर आतड्यात आहे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूस बोटांसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. दुधाचे पचन आणि शोषण त्यांच्यावरील पेशी करतात आणि टीजीईचा विषाणू नेमका याच पेशींत वाढतो. पेशी मरतात, रसांकुर खुरटतात, दुधातील साखर न पचता तशीच राहते व शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते. पिल्लू आईजवळ पोटभर दूध पिते आणि तरीही पाण्यावाचून सुकून मरते. तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या आतड्यात जुन्या पेशींची जागा नव्या पेशी दोन ते चार दिवसांत घेतात. नवजात पिल्लात याच कामाला सात ते दहा दिवस लागतात. तेवढा वेळ त्याच्यापाशी नसतो.

पिल्लू स्वस्थ बसते असे नव्हे. विषाणू शिरलेल्या पेशी ‘इंटरफेरॉन’ नावाचे प्रथिन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. १९८१ मध्ये फ्रान्समधील संशोधकांना रोगट नवजात पिल्लांच्या आतड्यात इंटरफेरॉन विपुल प्रमाणात आढळले. परंतु ही हाक ऐकून बाधित पेशींचा नाश करण्यास धावणाऱ्या पांढऱ्या पेशी नवजात पिल्लात अजून दुबळ्या असतात. स्वतःची प्रतिपिंडे पुरेशी तयार होण्यास आठवडा-दीड आठवडा हवा, आणि रोग त्याआधीच आपले काम उरकतो.

आता तिसरे नशीब. बरी झालेली आई पिल्लांना चीक पाजते, चिकात प्रतिपिंडे असतात, म्हणून पिल्ले वाचतात, असे तुम्ही म्हणाल. पशुवैद्यांनाही तसेच वाटले. म्हणून गाभण डुकरिणींना लस टोचण्याचे प्रयोग झाले. लस लागू पडली. आईच्या रक्तात प्रतिपिंडे आली, चिकात उतरली, पिल्लांच्या रक्तात पोचली. आणि तरीही विषाणू येताच त्यांतली बरीच पिल्ले मेली!

लस टोचायची की गिळवायची?

या कोड्याची उकल अमेरिकेतील ओहायो राज्यात एडवर्ड बोल आणि त्यांचे सहकारी यांनी केली. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दोन प्रकारच्या डुकरिणींच्या दुधाची तुलना आहे. एकींना रोग नैसर्गिक मार्गाने, म्हणजे तोंडावाटे, झाला होता. दुसऱ्यांना स्नायूत लस टोचली होती. टोचलेल्या डुकरिणींच्या दुधातील प्रतिपिंडे मुख्यतः आयजीजी प्रकारची होती, तर रोगातून उठलेल्या डुकरिणींच्या दुधात ‘आयजीए’ नावाचा दुसरा प्रकार भरपूर होता.

फरक नावापुरता नाही. आयजीजी हा रक्तातला पहारेकरी. टीजीईचा विषाणू रक्तात शिरून लढतच नाही. तो आतड्याच्या अस्तरावरच आपला कार्यभाग साधतो. पहारा वाड्याच्या आत आणि दरोडा वेशीवर, अशी ती गत. शिवाय दुधातले आयजीजी आतड्यात पचून जाते व दिवसागणिक कमीही होते. आयजीएची घडण मात्र पाचक रसांना दाद न देणारी असते. ते आतड्याच्या अस्तरावर पसरून विषाणूला पेशीपर्यंत पोचूच देत नाही. डुकरिणीला सुमारे तासातासाने पान्हा फुटतो आणि तो जेमतेम वीस सेकंद टिकतो. तेवढ्यात पिल्ले आपापल्या आचळाला लागून दूध ओढून घेतात. प्रत्येक पान्ह्याबरोबर आतड्यावर आयजीएचा नवा थर बसतो. एखादे दिवस आई आजारी पडली, दूध आटले, की हा थर नाहीसा होतो आणि पिल्लू पुन्हा उघडे पडते.

पण आईच्या आतड्यात झालेल्या रोगाची खबर तिच्या कासेला कशी लागते? आतड्यात विषाणूची ओळख पटलेल्या पांढऱ्या पेशी रक्तातून प्रवास करीत दुग्धग्रंथींत येतात, तेथे ठाण मांडतात आणि आयजीए तयार करू लागतात. लस दंडात टोचली, तर या पेशींची शाळाच भरत नाही. म्हणून या रोगात लस किती दिली, यापेक्षा ती कोणत्या वाटेने दिली, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

निसर्गाने यात एक गंमतही केली. १९८४ मध्ये बेल्जियममध्ये टीजीईच्या विषाणूचा एक नवा प्रकार सापडला. त्याच्या काटेरी आवरणातील प्रथिनाचा एक तुकडा गळून पडला होता. त्यामुळे त्याची आतड्यात वाढण्याची शक्ती जवळजवळ गेली आणि तो फुप्फुसात राहू लागला. हवेतून तो युरोपातील बहुतेक कळपांत पसरला. डुकरांना त्याचा फारसा त्रास झाला नाही. पण त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे टीजीईलाही ओळखतात, आणि त्यानंतर युरोपात टीजीईच्या साथी विरळ झाल्या. फुप्फुसात मिळालेले हे संरक्षण आतड्यासाठी अपुरेच असते, तरी पुन्हा विषाणू भेटला की शरीर लवकर जागे होते.

२०१३ च्या वसंतात अमेरिकेत असाच आणखी एक करोना विषाणू शिरला. त्याच्या रोगाचे नाव ‘पीईडी’. युरोप आणि आशियात तो जुना होता, पण अमेरिकेतील डुकरिणींशी त्याची गाठ कधी पडली नव्हती. एकीच्याही दुधात त्याला ओळखणारे आयजीए नव्हते. पहिल्या वर्षभरात सुमारे सत्तर लाख पिल्ले दगावल्याचा अंदाज आहे. हाताशी लस नव्हती. तेव्हा वराहपालकांनी एक ओबडधोबड उपाय केला. मेलेल्या पिल्लांची आतडी दळून ती गाभण डुकरिणींना खाऊ घातली. ऐकून किळस येईल, आणि दुसरे रोग पसरण्याचा धोकाही त्यात आहेच. पण त्यामागचा विचार पक्का होता. डुकरिणी एकदोन दिवस आजारी पडल्या, मग सावरल्या. पुढचे काही आठवडे पिल्ले मरतच होती. त्यानंतर ज्या डुकरिणी व्याल्या, त्यांच्या पिल्लांतली बरीचशी जगू लागली.