३८ हजारांची उघडझाप

घरी रिमोट बनवायला बसलेल्या मुलाची पहिली तक्रार ठरलेली असते: एलईडी पेटतच नाही. बहुतेकदा तो पेटलेला असतो. अवरक्त एलईडीचा प्रकाश ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि आपली नजर त्याच्या बरीच अलीकडे संपते. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाश फोडला, तांबड्या पट्ट्याच्या बाहेर थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. हा न दिसणारा प्रकाश माणसाला ठाऊक झाला तो असा. तो पाहायचं साधन आज खिशातच आहे. मोबाइलचा कॅमेरा एलईडीसमोर धरला की पडद्यावर जांभळट ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बहुतेकदा अवरक्त प्रकाश गाळणारी काच असते, म्हणून सेल्फीचा वापरावा. आधी घरातल्या चालू रिमोटवर खात्री करून घ्यावी, नाहीतर कॅमेऱ्याचा दोष एलईडीच्या माथी बसतो.

ठिपका दिसला म्हणून काम झालं असं मात्र नाही. समोरचा रिसीव्हर नुसत्या उजेडाला भीक घालत नाही, आणि ते बरंच आहे. ऊन, चूल, पिवळा बल्ब, सगळेच अवरक्त प्रकाश ओतत असतात; ५० हर्ट्झच्या विजेवरचा बल्ब तर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. या गर्दीत आपला इशारा वेगळा कळावा म्हणून रिमोट सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा उघडझाप करतो आणि टीएसओपी १७३८सारखा रिसीव्हर तेवढीच गती चाळून घेतो. कर्जतच्या फलाटावर गाड्यांच्या आणि घोषणांच्या कल्लोळातही वडापाववाल्याची हाळी कानाला लागते, कारण तिला स्वतःचा सूर असतो. तोच सूर अखंड चालू राहिला तर कान त्याची दखल घेणं सोडून देतो. रिसीव्हरचंही नेमकं तसंच आहे.

नवशिक्यांचे प्रोजेक्ट फसतात ते बहुधा इथेच. बटण दाबलं, रिसीव्हरच्या बाजूचा रिले एकदा ‘टक्’ करतो आणि मग ढिम्म. मुलगा रिसीव्हर बदलतो. नवाही तसाच वागतो. बिघाड रिसीव्हरमध्ये नसतोच. ३८ किलोहर्ट्झ न थांबता येत राहिले की तो त्याला गोंगाट समजतो आणि आपली संवेदनक्षमता आपणच उतरवतो. इशारा तुकड्या-तुकड्यांनी पाठवावा लागतो: किमान दहाएक उघडझापा, मग विश्रांती, मग पुन्हा. बाजारातले रिमोट हेच करतात. एनईसी पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाक, साडेचार मिलिसेकंद शांतता आणि मग ३२ बिटांचा निरोप. आपल्या साध्या सर्किटला एवढा थाट नको. उघडझाप ५५५ टायमर आयसीने करत असू, तर दुसरा ५५५ घेऊन पहिल्याच्या चार नंबरच्या पिनवर चालू-बंद दिलं तरी भागतं.

ट्रान्समीटरसाठी ५५५ अजूनही चांगला. हान्स कामेनझिंडने १९७१ साली सिग्नेटिक्स कंपनीसाठी त्याचा आराखडा केला, तेव्हापासून छंदिष्टांनी सर्वांत जास्त जाळलेल्या आयसींत तो नक्की असेल. १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, एक १ के आणि एक १८ के रोध घेतले की हिशेबाने ३८.९ किलोहर्ट्झ येतात. कागदावर. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर छापील मूल्यापेक्षा दहा-वीस टक्के सहज इकडेतिकडे असतो, आणि रिसीव्हरची खिडकी दोन्ही बाजूंना जेमतेम पाच टक्के. म्हणून १८ केच्या जागी १५ के आणि त्याला जोडून ५ केचा प्रीसेट बसवावा. ऑसिलोस्कोप नसला तरी अडत नाही: रिसीव्हरपासून मागे मागे सरकत प्रीसेट फिरवायचा आणि सर्वांत लांबून जिथे पकडतो तिथे सोडायचा. साधा ५५५ साडेचार व्होल्टच्या खाली भरवशाचा नाही. दोन पेन्सिल सेलवर चालवायचा तर सीमॉस ७५५५ आणावा.

आणावा म्हणणं सोपं आहे. कर्जत किंवा खोपोलीहून सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायचा म्हणजे लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड आणि तसंच परत. एका चुकीच्या सुट्या भागापायी अख्खा दिवस जातो. टीएसओपी १७३८च्या पिना ग्राउंड, पुरवठा, आउटपुट अशा क्रमाने, तर सर्रास मिळणाऱ्या व्हीएस १८३८बीच्या आउटपुट, ग्राउंड, पुरवठा अशा. दिसायला दोघे सारखेच काळे. दुकानदार “तोच आहे” म्हणतो, आणि जुन्या नकाशाप्रमाणे बसवला की पुरवठा उलटा जातो. डेटाशीट पाहिल्याशिवाय डाग देऊ नये. आणताना दोन जास्त आणावेत हे सांगायला नकोच.

शोधाशोधीचा माझा नियम एकच: दोन अनोळखी गोष्टी एकमेकींवर तपासायच्या नाहीत. रिसीव्हर तपासायचा तर टीव्हीच्या चालू रिमोटने. त्याचं आउटपुट एरवी ५ व्होल्टच्या जवळ असतं आणि इशारा आला की खाली जातं. मल्टिमीटरचा काटा थरथरतो, तेवढं पुरे. रिसीव्हर पास झाला की मगच आपला ट्रान्समीटर त्याच्यासमोर आणावा. कोणी काही न दाबता रिले खडखडत असेल तर खोलीतली ट्यूब किंवा सीएफएल बंद करून बघावं. इलेक्ट्रॉनिक चोकही याच टापूतल्या गतीने चालतात. तरीही थांबलं नाही तर पुरवठ्याच्या वाटेवर १०० ओहमचा रोध आणि रिसीव्हरच्या पिनांशी ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. रिले चालू-बंद-चालू असा नाचत असेल तर एका दाबण्यातले अनेक तुकडे रिले चालू-बंद करणारा काउंटर वेगवेगळे मोजत असतो; मध्ये सेकंदभराचा मोनोस्टेबल ५५५ टाकावा, १०० के आणि १० मायक्रोफॅरड.

घाटाच्या पायथ्याच्या पावसाळ्याचं वेगळं प्रकरण आहे. मे महिन्यात झकास चाललेलं सर्किट जुलैत वेडंवाकडं वागतं. बोर्डावर राहिलेला फ्लक्स ओल धरतो आणि नको तिथून करंट झिरपतो. सेलच्या स्प्रिंगांवर पांढरं-हिरवं चढतं. आयसी बदलण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश.

रिलेच्या पलीकडे २३० व्होल्ट आहेत. कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड आणि बंद प्लास्टिकची पेटी हवीच. ट्रान्सफॉर्मर वाचवणारे कपॅसिटरवाले पुरवठे मात्र शिकाऊ मुलांनी वापरू नयेत, कारण त्यांत रिसीव्हरची पिनसुद्धा मेनशी जोडलेली असते आणि ती तपासायला बोट लावणारा तोच मुलगा असतो.