सातारी मातीतला मालिकांचा उद्योग

दूरचित्रवाणी मालिकेचा व्यवहार कबनूरच्या यंत्रमागधारकाला चटकन उमगेल, कारण व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणणाऱ्या खर्चीवाल्याप्रमाणेच निर्माता वाहिनीसाठी ठरलेल्या दराने भाग तयार करून देतो आणि तयार मालाची मालकी बहुतेक करारांत वाहिनीकडेच राहते. मात्र खर्चीवाल्याला सूत तरी आयते मिळते. निर्मात्याला कलाकार, तंत्रज्ञ, जागेचे भाडे, जेवणखाण हा सारा खर्च आधी स्वतः पेलावा लागतो, आणि निवडक घरांतील यंत्रांवरून काढलेली प्रेक्षकसंख्या, म्हणजे टीआरपी, घसरली तर मालिका गुंडाळण्याची पाळी येते.

अशा बेभरवशाच्या धंद्यात मूळच्या साताऱ्याच्या अभिनेत्री श्वेता शिंदे यांनी ‘वज्र प्रॉडक्शन’च्या बळावर मिळवलेले स्थान विशेष मोलाचे आहे. संजय खांबे यांच्यासह त्यांनी निर्मिलेली ‘लागिरं झालं जी’ ही मालिका २०१७ ते २०१९ या काळात झी मराठीवर चालली. तेजपाल वाघ यांच्या लेखणीतून उतरलेले नायक-नायिका अज्या आणि शीतली पुस्तकी मराठी न बोलता सातारी बोलीत भांडत व प्रेम करीत, आणि फौजेत भरती होण्याचे अज्याचे स्वप्न तर या जिल्ह्यातील असंख्य घरांच्या ओळखीचेच होते. त्याआधी, २०१६ मध्ये, स्मृती शिंदे यांच्या ‘सोबो फिल्म्स’ने ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात चित्रित केली होती. त्यामुळे मुंबईतल्या दिवाणखान्यात अडकलेली मराठी मालिका शिवारात आणण्याच्या श्रेयात दोघींचाही वाटा मानला पाहिजे.

गावात चित्रीकरण करणे हा केवळ हौसेचा भाग नव्हे. खरा वाडा, खरे शेत आणि स्थानिक कलाकार मिळाले, की उभारलेल्या नेपथ्यात न येणारा अस्सलपणा येतो. उलट मुंबईहून आलेल्या चमूचा मुक्काम, अवकाळी पाऊस आणि बघ्यांची गर्दी यांचा भार निर्मात्यावर पडतो. ‘मिसेस मुख्यमंत्री’, ‘देवमाणूस’, ‘अप्पी आमची कलेक्टर’ अशा मालिका देत श्वेता शिंदे यांनी ग्रामीण कथेची ही वाट सोडली नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रातील चित्रीकरण थांबले, तेव्हा ‘देवमाणूस’चा मुक्काम बेळगावला हलवावा लागला, कारण दैनंदिन मालिकेत तयार भागांचा साठा संपला की वाहिनीची वेळ रिकामी पडते आणि प्रेक्षक दुसरीकडे वळतो.

२०२४ मध्ये आलेल्या ‘लाखात एक आमचा दादा’साठी श्वेता शिंदे यांनी अज्याची भूमिका केलेल्या नितीश चव्हाण यांनाच पुन्हा नायक म्हणून निवडले.